रेती पाहायला रजा

मुंबई-पुण्याचा माणूस थकला की जंगलात जातो. ताडोबात जिप्सी करतो, वाघ दिसला तर वाघाचा आणि नाही दिसला तर जिप्सीचा फोटो काढतो आणि सोमवारी टवटवीत होऊन कामाला लागतो. पण जो मुळातच जंगलात राहतो तो थकला तर त्याने कुठे जावे, यावर कुणीच काही सुचवून ठेवलेले नाही. आम्ही धानोऱ्याची माणसे. गडचिरोलीहून छत्तीसगडकडे निघालात की ३५-४० किलोमीटरवर आमचे गाव लागते. त्या रस्त्यावर डावीकडे झाडे, उजवीकडे झाडे, पुढे वळण आणि वळणावर पुन्हा झाडे असा एकूण प्रकार आहे. साग संपला की मोह, मोह संपला की ऐन आणि मध्ये जागा उरलीच तर बांबू. याला निसर्गसौंदर्य म्हणतात हे आम्हाला बाहेरून आलेल्यांनी सांगितले.

तसे बाहेरून पुष्कळ येतात, पण आमच्या तालुक्यात कुणी सहलीला येत नाही, अभ्यासाला येतो. धानोऱ्याच्या जरा अलीकडे मेंढा (लेखा) आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. तेव्हापासून दिल्लीचे, परदेशाचे, कुठकुठले लोक वही-पेन घेऊन येतात, ग्रामसभेत मांडी घालून बसतात, प्रश्न विचारतात, आणि जाताना "काय शांतता आहे हो इथे!" म्हणून आमच्याचकडे हेव्याने पाहतात. शांतता आहे, नाकारत नाही. पण ती सरकारी नळाला रात्री दोन वाजता येणाऱ्या पाण्यासारखी आहे. भरपूर येते, पण तेव्हा तिचे करायचे काय ते कळत नाही.

म्हणून यंदा आमच्या कट्ट्याने ठराव केला की एकदा तरी अशा गावी जायचे जिथे एकही झाड नसेल. नजर टाकली की ती सरळ आभाळाला जाऊन लागली पाहिजे, मध्ये कुठे अडता कामा नये.

कट्टा म्हणजे माझे झेरॉक्सचे दुकान. ते तहसीलला लागून आहे. जातीचा दाखला, सातबारा, घरकुलाचा अर्ज हे सगळे दिवसा माझ्या टेबलावरून जाते आणि संध्याकाळी ज्यांच्या सहीसाठी ते जाते ती मंडळी तिथेच येऊन बसतात. एक तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते पण हाक तलाठीभाऊ अशीच मारायची असते. एक जिल्हा परिषदेचे गुरुजी. एक वनरक्षक. बँकेतले कॅशियरसाहेब. आणि ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर, ज्या बसत नाहीत, पण ड्युटीवर जाता-येता उभ्या उभ्या सर्वांच्या मताला फाटा फोडून जातात.

जैसलमेर हे नाव कॅशियरसाहेबांनी काढले. मोबाइलवर त्यांना सोन्याच्या रंगाचा किल्ला, उंट आणि तंबूपुढे पाय पसरून बसलेले एक जोडपे दिसले होते. खाली लिहिले होते, दोन दिवस निवांत. "बस्, शनिवार-रविवार जाऊ आनि येऊ," साहेब म्हणाले. तिथून पुढे आमच्यापैकी कुणीही निवांत राहिले नाही.

पहिली अडचण शनिवारची. शनिवार हा वार एकच असला तरी धानोऱ्यात तो पाच प्रकारचा येतो. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे तलाठीभाऊंचा शनिवार कागदावर पूर्ण सुटीचा. बँकेला सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुटी. पहिल्या, तिसऱ्या आणि असला तर पाचव्या शनिवारी कॅशियरसाहेब काचेच्या आत. गुरुजींची शनिवारी सकाळची शाळा. सिस्टरांना शनिवार, रविवार, दिवाळी सगळे सारखे. त्यांच्या सुटीचा वार ड्युटीच्या तक्त्यावर लागतो आणि तो तक्ता लागल्यावरही बदलतो. वनरक्षकाला सुटी वणव्याला विचारून घ्यावी लागते. पाचही जणांचा मोकळा शनिवार एकाच तारखेला येण्याचा योग मी कॅलेंडरवर शोधला. असे योग येतात. मग त्याच तारखेला कुठली तरी निवडणूक लागते, आचारसंहिता येते आणि सगळ्यांच्या रजा बंद होतात.

दुसरी अडचण मुख्यालयाची. सरकारी नोकराने सुटीच्या दिवशीही मुख्यालय सोडायचे तर परवानगी लागते. अर्ज साधा असतो, छापील नमुना माझ्याचकडे मिळतो, दोन रुपये. पण ओळखीतल्या एका कर्मचाऱ्याने असा अर्ज मागे केला होता तेव्हा वरून तोंडी विचारणा आली की आपण मुख्यालय सोडणार हे ठीक, पण आपण मुख्यालयी आलात कधी? तो गृहस्थ रोज गडचिरोलीहून येणे-जाणे करत होता आणि घरभाडे भत्ता मुख्यालयी राहत असल्याचा घेत होता. तेव्हापासून आमच्या भागात हा अर्ज फार विचार करून करतात. गुरुजी तर म्हणाले, "जैसलमेरले गेलो तं कोनाले कळनार नाई, पन अर्ज केला तं साऱ्या जिल्ह्याले कळन."

रजा प्रवास सवलतीचाही विषय निघाला. राज्य कर्मचाऱ्याला ती स्वग्रामासाठी मिळते, नाहीतर महाराष्ट्रदर्शनासाठी. तलाठीभाऊंनी बराच वेळ नकाशा पाहून महाराष्ट्राच्या हद्दीत कुठे वाळवंट बसते का, याची चौकशी केली. माणदेशाचे नाव पुढे आले. पण दुष्काळ पाहायला रजा काढून जाणे कुणालाच बरे वाटेना.

मोसमाचे सांगतो. जैसलमेरला जायचे ते ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. त्यानंतर तिथे ऊन. आता आमच्याकडे पाहा. ऑक्टोबरात हलका धान कापणीला येतो, नोव्हेंबरात भारी. कापला की बांधायचा, चुरायचा, मग खरेदी केंद्रावर नोंदणी, मग बारदाना आला का याची रोज विचारपूस. आता नोकरदाराला शेतीचे काय, असे वाटेल. पण इथे गुरुजींचे शेत आहे, वनरक्षकाच्या सासऱ्याचे शेत आहे आणि सिस्टरच्या नवऱ्याचा धानाचा व्यापार आहे. धान संपतो न संपतो तो मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू होते आणि मंडई म्हटली की नाटक. झाडीपट्टीत दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम असतो. वडशाला कंपन्यांची कार्यालये ओळीने थाटलेली, कुठल्या गावाला कोणत्या तारखेचे नाटक हे तिथे ठरते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हापासून तर नाटक पाहणे हे आमच्याकडे राष्ट्रीय कार्य झाले आहे. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि कोंबडा आरवतो तेव्हा खलनायक मरतो. पावण्यांनी घर भरलेले असते, साळी येते, जावई येतो. अशा वेळी घरचा कर्ता पुरुष राजस्थानात उंटावर बसला आहे हे सांगायचे कुणी?

पुढे मार्च-एप्रिलात मोहफुले. मे महिन्यात तेंदूपत्ता. त्यातून मोकळे झाले की पंधरा दिवस खरोखर मोकळे मिळतात, नेमके मे अखेरचे. "तवाच जाऊ," वनरक्षक म्हणाला. "राजस्थानचा तपन आपल्याले का करते? ब्रम्हपुरी-चंद्रपूरचा तपन खाल्लेले मानसं आपन." बोलणे खोटे नव्हते. ४७ अंशांपर्यंत चढलेले ऊन आम्ही लग्नाच्या मांडवात, अंगावर सफारी घालून, जेवणाच्या रांगेत उभे राहून सोसतो. परंतु उन्हातून उन्हात जाण्यासाठी तिकीट काढणे सिस्टरांना मान्य होईना. पावसाळ्याचा विचारही झाला. जैसलमेरला वर्षभरात मिळून जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस होतो. तेवढा आमच्याकडे जुलैच्या एका आठवड्यात पडून जातो, भामरागडचा संपर्क तुटतो आणि ती बातमी दरवर्षी तीच छापली तरी चालते. पण जुलैत रोवणी. विषय संपला.

तिसरी अडचण रस्त्याची. धानोऱ्याहून जैसलमेर दीड हजार किलोमीटरच्या वर. आमचे सर्वात जवळचे मोठे स्टेशन वडसा, तेही गडचिरोलीच्या पलीकडे. वडसा-गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की त्याची एक गाडी आमची आधीच चुकली आहे असे वाटते. म्हणजे पहाटे बस, गडचिरोलीला बदल, दुपारपर्यंत नागपूर. नागपूरहून भोपाळमार्गे राजस्थान, एक रात्र आणि एक दिवस तरी गाडीत. मग जोधपूर. जोधपूरहून पुढे जैसलमेर ३०० किलोमीटर. शनिवारी निघाले तर रविवार मावळताना माणूस फार तर जोधपूरच्या फलाटावर पोचतो. निवांतपणाचे दोन दिवस गाडीत बसून संपवायचे आणि सोमवारी वाळवंटात बिनपगारी रजेवर हजर व्हायचे, असा तो कार्यक्रम. विमानाचे कॅशियरसाहेबांनी सुचवले. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठा आणि तिथून थंडीच्या मोसमात जैसलमेरला उतरा. मी भाडे काढून दाखवले. साहेब त्यानंतर विमानाबद्दल बोललेले नाहीत.

एवढे होऊनही बेत मोडला नाही, याचे कारण दुसऱ्याच एका माणसात आहे. चामोर्शीकडचा एक बंगाली मिठाईवाला महिन्यातून एकदा माझ्याकडे छापील डबे घ्यायला येतो. जैसलमेर म्हणताच त्याचे डोळे भरून आले. सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' हा १९७४ चा चित्रपट त्या किल्ल्यावर आहे आणि तेव्हापासून बंगाली माणूस त्या गावाला सोनार किल्ला याच नावाने ओळखतो. त्याने दुकानात उभे राहून सांगितले ते आमच्या कुठल्याही जाहिरातीत नव्हते. ११५६ साली रावल जैसलने वसवलेला किल्ला, पिवळ्या वालुकाश्माचा, ९९ बुरुजांचा. आणि आत अजून माणसे राहतात! घरे आहेत, दुकाने आहेत, जैन मंदिरे आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. २०१३ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण नळ आल्यापासून त्याचे सांडपाणी टेकडीत मुरते आणि बुरूज ढासळतात. हे ऐकून कट्ट्यावर गंभीर शांतता पसरली. किल्ल्याला शत्रूने जे केले नाही ते नळयोजनेने केले, हे आम्हाला चटकन पटले.

मग रेतीचा प्रश्न आला, आणि खरे सांगायचे तर या सबंध बेतात मला रस वाटला तो इथून.

जैसलमेरपासून ४० किलोमीटरवर सम नावाचे गाव आहे. तिथे रेतीच्या टेकड्या आहेत. लोक संध्याकाळी उंटावर बसून त्या टेकडीवर जातात, रेतीत बसतात, रेती ओंजळीत घेतात आणि बोटांमधून खाली सोडतात. यासाठी पैसे देतात. मी मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा तलाठीभाऊंच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला सौंदर्यदृष्टी म्हणता येणार नाही. त्यांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला आणि विचारले, "घाट लिलावात गेला का?"

त्यांचे चुकले नाही. कठाणीच्या पात्रात रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला की या माणसाला अंथरुणातून उठावे लागते. त्यांच्या आयुष्यात रेती म्हणजे गौण खनिज. तिला रॉयल्टी असते, वाहतूक पास असतो, तो नसेल तर पंचनामा असतो आणि पंचनाम्यावर सही करायला पंच मिळत नाहीत. जप्त केलेले ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात उभे असतात. एकाच्या ट्रॉलीत रेतीवर तुरीचे झाड उगवलेले मी पाहिले आहे. घरकुलवाल्याला २०२५ च्या वाळू धोरणात ५ ब्रास रेती फुकट जाहीर झाल्यापासून माझ्या दुकानात 'ब्रास' हा शब्द रामनामापेक्षा जास्त वेळा उच्चारला जातो. अशा माणसाला क्षितिजापर्यंत उघडी पडलेली, बिनराखणीची, एकही पावती न फाटलेली रेती दाखवली तर त्याचा जीव रमेल की घाबरा होईल? तलाठीभाऊंनी फोटोतल्या एका टेकडीचा अंदाज बांधायला घेतला. लांबी, रुंदी, उंची, भागिले शंभर. आकडा इतका आला की ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "टेप ठेवतो बॅगेत. असाच. कामी पडते."

वनरक्षकाचे दुःख वेगळे होते. जिथे झाड नाही तिथे आपले काय, असे त्याला वाटत होते. मी त्याला सांगितले की समच्या आसपासचा मोठा मुलूख हा राष्ट्रीय मरू उद्यान आहे, ३,१६२ चौरस किलोमीटर, आणि तो वनखात्याकडे आहे. तिथे माळढोक राखतात. देशात हा पक्षी आता जेमतेम शंभर-दीडशे उरला असेल, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात तर त्याची वाट पाहणेच उरले आहे. वनरक्षक ताठ बसला. "म्हंजे झाड नाई तरी जंगल?" हो. "सागाची चोरी नाई?" साग नाही तर चोरी कुठली. "मोहफुलासाठी पालापाचोळा पेटवत नाई कोनी?" नाही. "हत्ती?" हत्ती तर नाहीच. हा प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप आमच्या मुरूमगावच्या बाजूने जिल्ह्यात शिरला, तेव्हापासून त्याच्या कित्येक रात्री धानाच्या बांधीत बॅटरी घेऊन उभे राहण्यात गेल्या. लोक उंटावर बसायला पैसे मोजतात. आमच्याकडे त्याहून मोठे जनावर फुकट दारात येते, फक्त बसू देत नाही. वनरक्षकाने तिथल्या तिथे आंतरराज्य बदलीचा नियम आहे का ते विचारले. नाही म्हटल्यावर निदान पाहून तरी येतो म्हणाला.

तंबूचे मात्र कुणालाच कौतुक वाटले नाही. मोकळ्या आभाळाखाली मुक्काम, शेकोटी, लोकनृत्य, जेवण, असे मिळून जे पैसे सांगितले ते ऐकून गुरुजी म्हणाले की डुकरे हाकलायला शेतात मांडव घालून झोपतो तेव्हा आभाळ तेच असते, शेकोटीही असते आणि शेजारच्या टोल्यावर रेला चालू असेल तर नृत्याचीही सोय होते. कुलधराचेही तसेच झाले. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेले ते गाव, भुताचे म्हणून दाखवतात, आत जायला तिकीट. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत पहाटे चारला टोपल्या घेऊन सगळे रानात जातात आणि दुपारपर्यंत गावात चिटपाखरू नसते. तेव्हा येऊन पाहा म्हणावे, तिकीट लावत नाही.

खाण्यावर घोडे अडले ते भातावर. दाल-बाटी, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, बाजरीची भाकर, सगळे मी वाचून दाखवले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "भात कुटं हाये यात?" भात नव्हता. आमचा माणूस सकाळी पेज घेतो, दुपारी भात खातो आणि रात्री तोंडाला चव यावी म्हणून भात खातो. मधल्या वेळेचे मुरमुरे आणि पोहे हेही मुळात धानच. ज्या मुलखात चार दिवस भात पोटात जाणार नाही तिथे निवांतपणा कसा यावा? ठरले असे की प्रत्येकाने आपापला एचएमटी तांदूळ बांधून घ्यायचा. हा तांदूळ शोधला नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आणि नाव पडले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. तो जैसलमेरच्या तंबूत शिजला तर त्या टेकड्यांचीही शोभा वाढेल. सुकी मासळी न्यायची की नाही यावर मतभेद आहेत. रेल्वेतल्या सहप्रवाशांचा विचार करता मी विरोधात आहे.

बायकांची सभा वेगळी झाली. तिच्यातून यादी बाहेर आली : वाटेत भोपाळ आहे तर उज्जैन कितीसे दूर, उज्जैन झाले तर चितोड राहून कसे चालेल, पुष्करला ब्रह्मदेव आहे, अजमेरला दर्गा आहे, जयपूरला रजया चांगल्या मिळतात आणि जोधपूरजवळ खेजडली आहे. हे शेवटचे नाव वनरक्षकाच्या बायकोने घातले. १७३० साली खेजडीची झाडे तोडायला राजाची माणसे आली तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई झाडांना मिठ्या मारून मेले, ते गाव. "नवरा रोज झाडं राखते, पन झाडासाठी मेलेल्याइले कदी पाह्यलं नाई त्यानं," ती म्हणाली. झाडे नसलेल्या गावी निघालेल्या सहलीत तेवढे एक ठिकाण सर्वानुमते मंजूर झाले. बाकी पाच ठिकाणे गुरुजींनी खडूने फळ्यावर लिहून एकेक करून पुसली. यात कोणा-कोणाचा अबोला झाला ते सांगत नाही.

आरक्षणाचे शेवटी माझ्याकडे आले. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले व्हायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. इतरांना हे गैरसोयीचे वाटत असेल. आमच्या कट्ट्याला ते वरदान ठरले, कारण चार महिने आधी काढलेल्या तिकिटावर आमच्यातला एकही माणूस प्रत्यक्ष जाऊ शकला नसता. सकाळी आठला खिडकी उघडते म्हणून साडेसातलाच मी संगणक लावून बसलो. ज्या कंपनीचे नाव घेत नाही तिचे नेटवर्क आठ वाजून दोन मिनिटांनी गेले. कॅशियरसाहेबांनी मोबाइल घेऊन रुग्णालयाच्या टाकीवर चढून ओटीपी आणला आणि वरून ओरडून सांगितला. तो अर्ध्या धानोऱ्याने ऐकला, पण तिकीट मात्र निघाले.

तर जानेवारीच्या उत्तरार्धात आम्ही निघतो आहोत, आठवडाभराच्या रजेवर. शनिवार-रविवारचा नाद ज्याला असेल त्याने गडचिरोली तालुक्याच्या पुढे जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. तलाठीभाऊ येत आहेत, वनरक्षक सपत्नीक येत आहे, सिस्टरांची रजा तोंडी मंजूर आहे. गुरुजींची कुठल्याशा प्रशिक्षणाला निवड झाल्याने त्यांचा वरचा बर्थ रिकामा आहे. नावाने काढलेले तिकीट दुसऱ्याला चालत नाही, तेव्हा ते रद्द करून नवे काढावे लागेल, याची इच्छुकांनी नोंद घ्यावी. मुख्यालय सोडण्याची लेखी परवानगी ज्यांच्या हातात आहे त्यांनीच तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी सहानंतर भेटावे. तांदूळ आपापला आणावा, सुकी मासळी आणू नये आणि समला पोचल्यावर तलाठीभाऊंना टेप बाहेर काढू देऊ नये.